दम धरा, अप्पा

उदगीरच्या विरूपाक्षअप्पांचा दम किती होता, हे सांगायला आता खुद्द अप्पांशिवाय फारसं कुणी उरलेलं नाही. त्यामुळे तो दरसाल थोडा थोडा वाढत गेला आहे. पूर्वी ते एका दमात तीन गडी बाद करून पाटीवर, म्हणजे मधल्या रेघेवर, परत येत. मग तीनाचे पाच झाले. अलीकडे तर 'हुतूतू' म्हणत ते समोरच्यांच्या अंगणात शिरले, की बघणारी माणसं घरी जाऊन, भाकर खाऊन, जनावरांना पाणी दाखवून परत येत आणि इकडे अप्पांचं 'तूतूतू' अजून चालूच असे. एकदा चढाईला निघाले तेव्हा रानात ज्वारी हुरड्यात होती आणि परत येऊन पाटीला पाय लावला तेव्हा तिची खळ्यावर रास पडली होती, असंही ते सांगतात.

"बहात्तरचा दुष्काळ," अप्पा म्हणत. "पाणी मोजून, धान्य मोजून. श्वास तेवढा फुकट होता. पण आपली सवय काटकसरीची. एकच घेतला, पुरवून पुरवून वापरला."

ज्या खेळात दम तुटला की गडी बाद, त्या खेळात ज्याचं तारुण्य गेलं, त्याच्या डोक्यात एक गोष्ट कायमची बसते: श्वास घ्यावा, पण सोडू नये. सोडला की संपलं. माणूस मेला तरी लोक म्हणतात, 'त्यानं दम सोडला.' आता याहून मोठा पुरावा काय पाहिजे?

चौबाऱ्याजवळ अप्पांचं दोरखंडांचं दुकान होतं. कासरे, दावी, घुंगरमाळा. आता तिथं मुलगा रविकिरण प्लास्टिकच्या दोऱ्या आणि ताडपत्र्या विकतो. अप्पा चौऱ्याहत्तरचे झाले. डावा डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्यानं नेलेला; सगळा संसार उजव्यावर चाललेला. त्या उजव्यात तीन वर्षांपासून मोतीबिंदू पिकत होता. ताटातली शेंगाची चटणी कुठली आणि ठेचा कुठला, हे त्यांना जिभेला लागल्यावरच कळे. पण माळेगावच्या जत्रेतलं ते मैदान, धुरळा, पाटीवर ओढलेली चुन्याची रेघ, समोरच्या गड्याच्या पोटरीवरची जन्मखूण हे सगळं मात्र लख्ख दिसायचं. जवळचं धुकट आणि बावन्न वर्षांमागचं उन्हात ठेवल्यासारखं.

डोळा करायचा म्हणून अप्पांना लातूरला नेलं. तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टर मंजुश्री वयानं नातीएवढ्या, पण बोलणं सरळ. "आधी बीपी बघू," म्हणाल्या. अंबिका नावाची सिस्टर होती, किल्लारीकडची. तिनं दंडाला पट्टा गुंडाळला आणि म्हणाली, "बोलू नका अप्पा, दम धरा." अप्पांनी मुकाट्यानं सांगितलं ते केलं. मशीन गुरगुरलं आणि आकडा आला एकशे ब्याण्णव.

"इतक्या बीपीत डोळ्याला हात लावता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. गोळी दिली, पंधरा दिवसांनी बोलावलं.

उदगीरला परतल्यावर मेडिकलवाल्या राजशेखरनं बीपी मोजलं. एकशे बेचाळीस. पंधरा दिवसांनी लातूरला पुन्हा एकशे पंच्याण्णव. उदगीरला एकशे चाळीस. तिसऱ्या खेपेला लातूरला दोनशेला दोन कमी. उदगीरात गाय आणि लातुरात वाघ, असा हा प्रकार झाला. गल्लीत चर्चा झाली. कुणी म्हणालं, लातूरच्या पाण्याचा गुण. कुणी म्हणालं, एसटीच्या हादऱ्यानं रक्त वर चढतं. सिद्धेश्वर सुताराचं मत असं, की मशीनच लातूरचं. तिथं सगळ्याच गोष्टींचा भाव चढा.

तिसऱ्या खेपेला डॉक्टर मंजुश्रींनी अप्पांना समोर बसवून घेतलं.

"आजोबा, तुमचा दुसरा डोळा असता तर मी थांबले असते. हा मोतीबिंदू आता फार पिकलाय. आत फुटला तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाईल. मग मी काय, कुणीच काही करू शकणार नाही. गोळी चालू ठेवा, आणि रोज सकाळ-संध्याकाळ दहा दहा मिनिटं शांत बसून लांब श्वास घ्या. हळू घ्यायचा, त्याहून हळू सोडायचा. श्वासाकडं लक्ष द्यायचं. छातीची धडधड उतरते, बीपी उतरतं, झोप लागते. करून बघा."

अप्पांनी 'घ्या' एवढंच ऐकलं. 'सोडा' हा शब्द त्यांच्या कानात शिरलाच नाही. शिरला असेल तर तिथं पंच उभाच होता, त्यानं बाद केला.

घरी आल्यावर सकाळी अंगणातल्या लिंबाखाली मांडी घालून अप्पा बसले. नाकानं अशी हवा ओढली, की बायको शांतम्मांच्या म्हणण्याप्रमाणं लिंबाची दोन पानं खाली आली. मग ओठ मिटून, गाल फुगवून, बसून राहिले. चेहरा आधी तांबूस झाला, मग वांगी रंगाचा.

शांतम्मा ओटीवर पूजेला बसलेल्या. डाव्या तळहातावर इष्टलिंग, कपाळावर भस्म, नजर लिंगावर आणि श्वास असा, की चालू आहे का नाही, ते शेजारी बसल्याशिवाय कळू नये. पन्नास वर्षं रोज. अप्पांची पूजा मात्र दोन मिनिटांत उरके. पाटीला पाय लावून परत.

पूजा आटपून त्या म्हणाल्या, "आवं, त्या डागदरबाईनं सोडायला बी सांगितलं हुतं."

"सोडायला काय अक्कल लागती? त्यो आपसूक सुटतोय."

"तुमचा कुठं सुटून राहिला? डोळे भायेर आले."

"तुला न्हाई कळायचं. दमाचं काम हाय हे."

शांतम्मांनी लिंग वस्त्रात गुंडाळून गळ्यात घातलं आणि चुलीकडं गेल्या.

डॉक्टरांनी डोळ्याचं सांगितलं त्या दिवसापासून अप्पा मनातून हबकले होते, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. दुपारी एकटे असले की हात डोळ्यासमोर धरून बोटं मोजत. कधी चार दिसत, कधी सगळी मिळून एकच, केळीच्या फण्यासारखी. रात्री उशाशी तांब्या कुठं ठेवलाय ते झोपायच्या आधी तीनदा चाचपून बघत. उद्या सगळाच अंधार झाला तर? दुकानाच्या पायरीवर बसून बाजार बघणं गेलं. हिचं तोंड गेलं. उरेल काय, तर तेवढं माळेगावचं मैदान.

आणि त्या मैदानात काय होतं, ते अप्पांनाच ठाऊक होतं.

चौथ्या खेपेला शांतम्माही बरोबर होत्या; लातूरला निघताना रविकिरणनं फोन लावून दिला तो शेषेरावांना. शेषेराव मूळचे हदगावचे. बहात्तरला माळेगावच्या जत्रेतल्या सामन्यात उदगीरच्या समोर उभे होते. पोटरीवर जन्मखूण होती ती यांच्याच. आता लातूरला मुलगी शिल्पा हिच्याकडं असतात. बावन्न वर्षं दोघांची दोस्ती आणि बावन्न वर्षं एकच भांडण. शेषेराव म्हणत, "इरप्या, तू त्या दिवशी मधी श्वास घेतला हुतास." अप्पा म्हणत, "पंचाला इचार." पंच कधीच वारला होता, त्यामुळे हा मुद्दा तिथंच थांबे.

दवाखान्यात शेषेराव आधीच येऊन बसले होते. अप्पांना ते दिसले नाहीत; धुक्यात पांढरं धोतर हललं तेवढं दिसलं, पण आवाज ओळखीचा.

"काय रं इरप्या, आंधळा झालास म्हणं?"

"तुला बघायचं टळतंय म्हणून खूश हाय मी."

अंबिका सिस्टरनं नाव पुकारलं. पट्टा गुंडाळला. "बोलू नका अप्पा, दम धरा." मशीन गुरगुरलं. एकशे चौऱ्याण्णव.

डॉक्टर मंजुश्री आल्या, आकडा बघितला आणि कपाळाला हात लावला. "आजोबा, आज ऑपरेशनची यादी एक वाजता संपते. तोपर्यंत एकशे साठच्या आत आलं तर मी घेते. नाहीतर पुढचं मी सांगू शकत नाही. डोळा थांबणार नाही." भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती, असं रविकिरणनं सांगितलं आणि तो कागद करायला पळाला.

"पुन्हा मोजू," अंबिका म्हणाली. "दम धरा हं अप्पा."

या वेळी शेषेराव शेजारीच वाकून बघत होते. एकदम ओरडले, "ए बाई, थांब! थांब! ह्यो बघ! ह्यानं दम धरलाय!"

"मीच म्हणाले ना, दम धरा."

"तू म्हणलीस थांबा म्हणून! आणि ह्यो येडा खरोखरचा धरून बसलाय! गाल बघ, मानेची शीर बघ. असाच माळेगावला दिसायचा!"

अंबिकानं अप्पांकडं नीट पाहिलं. अप्पांचे गाल दोन बाजूंना भाकरीएवढे फुगलेले. चार खेपा तिनं 'जरा थांबा' म्हणून 'दम धरा' म्हटलं होतं आणि चारही खेपा या माणसानं इमानेइतबारे छाती भरून, ओठ गच्च मिटून, जीव खाऊन दम धरला होता. बीपी चढेल नाहीतर काय करेल?

"यप्पोऽ!" म्हणत अंबिकानं पदर नव्हता म्हणून तोंडाला फाइल लावली. बाकावरचे पेशंट हसायला लागले. एका डोळ्याला पट्टी असलेली एक म्हातारी तर एका डोळ्यानं रडेपर्यंत हसली.

अप्पांना राग आला. "दम धरा म्हणलं, धरला. माझी काय चूक? थांबा म्हणायचं हुतं तर थांबा म्हणायचं!"

"चूक माझीच अप्पा. आता सोडा बरं तो. आणि बोलू नका."

पण आता छाती रिकामी करून मोजलं तरी एकशे अठ्ठ्याहत्तर. हसण्याचा अपमान, घड्याळ, एकुलता डोळा, सगळंच धडधडत होतं. डॉक्टर म्हणाल्या, "बघितलंत? धरायचा नाही, सोडायचाय. शांतपणे वीस मिनिटं लांब श्वास सोडत बसा. येईल खाली." आणि आत गेल्या.

अप्पांनी प्रयत्न केला. श्वास आत जाई, आणि बाहेर निघायची वेळ आली की घशाशी येऊन उभा राही. जणू चुन्याच्या रेघेवर पाय ठेवायची भीती.

"तुला असा न्हाई जमायचा," शेषेराव म्हणाले. "हुतूतू म्हण. त्यात काय आसतं? श्वास सोडणंच आसतं की! सुतासारखा बारीक सोडायचा. तुझ्या बापजन्माचं काम. म्हण. हळू म्हण, मी ऐकून राहिलो."

हे अप्पांना पटलं. खरंच की, पंचवीस वर्षं आपण दम धरत होतो असं समजलो आणि सोडतच होतो. ते ओठ जुळवून पुटपुटायला लागले. "हुतूतूतूतूतू…" शेषेरावांनी कान त्यांच्या तोंडाशी नेला. बाकावरचे लोकही वाकून बघू लागले. आवाज बारीक, एकसारखा, पंख्याच्या घरघरीत मिसळलेला. पंधरा सेकंद झाले असतील.

शेषेरावांनी कान हलवला. पुन्हा नीट लावला. मग ताठ उभे राहिले.

"नाकानं घेतलास!"

"काय?"

"आत्ता! मधी! तूतूतूच्या आड, नाकानं बारीक ओढलास! मला ऐकू आलं!" शेषेरावांचा आवाज दवाखान्यात घुमला. "अरे चोरा! बावन्न वरसं मी म्हणून राहिलो, बावन्न वरसं! आणि सवय बी गेली न्हाई भाड्या तुझी!"

अंबिका धावत आली. घाईत पट्टा गुंडाळला. एकशे नव्वद. घड्याळात साडेबारा.

अप्पांनी खोटं बोलायला तोंड उघडलं. 'पंचाला इचार' असंच म्हणणार होते. पण पंच तर गेलेला, आता ऐकणारा कान समोर उभा होता. आणि आत, त्या दारापलीकडं, डोळा वाट बघत होता.

"हाव," अप्पा म्हणाले. "घेतला हुता."

इतक्या वर्षांत शेषेरावांनी हे ऐकण्याची तयारीच केली नव्हती.

"पाटी तीन पावलावर हुती," अप्पा बोलू लागले, हळू, कुणाकडं न बघता. बघून दिसणारही नव्हतं. "तू माझा पाय धरलेलास. धुरळा नाकात. छाती फुटून राहिली. कळलं, आता सुटतंय. तवा घेतला. येवढासा, जवसाच्या दाण्यायेवढा. कुणालाच कळलं न्हाई. मग उचललं लोकांनी. माझा बाप कधी मैदानावर आला नव्हता, त्यो आला. रडला. आणि…" अप्पांनी मान खाली घातली. "हिचा बाप त्या गर्दीत हुता. म्हणाला, ज्याचा येवढा दम, त्याच्या घरी पोरीला काय कमी. पंधरा दिवसांत सुपारी फुटली. मग कुणाला सांगू? त्या एका श्वासावर तर सगळा संसार उभा केला."

शांतम्मा बाकाच्या टोकाला बसून सगळं ऐकत होत्या. पदर सावरला आणि म्हणाल्या, "म्हंजी मी चोरीचा माल?"

बाकावर पुन्हा हशा उसळला. शेषेराव हसले नाहीत. त्यांनी रागानं खिशातून मोबाइल काढला.

"सगळ्यांना सांगतो. आत्ता. आमच्या साऱ्या संघाला सांगतो. हदगावात सांगतो. ज्ञानोबाला…" त्यांनी बोट उचललं आणि ते तसंच राहिलं. ज्ञानोबा कोरोनात गेला. शिवलिंग गेला, त्याला बारा वर्षं झाली. आनंदराज पोरांकडं गेला आणि तिकडूनच गेला. शेषेराव नावं आठवत राहिले, एकेक बोट मिटत राहिलं.

"तुमच्यातलं कोण हाय रे?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"मी," अप्पा म्हणाले. "आन् तुमच्यातला तू."

शेषेरावांनी मोबाइल खिशात ठेवला. बाकावर बसले. दोघांच्या मध्ये बरीच जागा होती. ती कुणी भरली नाही. बाहेर औसा रोडकडून एसटीचा हॉर्न वाजला. चौदा गड्यांचं ते मैदान दोघांनाही एकदम दिसलं असावं, उन्हात, मोकळं. कुणी 'हुतूतू' म्हणत नव्हतं.

शांतम्मा उठून अप्पांच्या दुसऱ्या बाजूला बसल्या. त्यांचा डावा हात ओढून स्वतःच्या मांडीवर उताणा ठेवला, जणू त्यावर लिंग ठेवायचंय.

"डोळं मिटा. माझ्यासंगं घ्या. शिवाऽय म्हणत सोडा. मोठ्यानं न्हाई, मनात."

अप्पांनी घेतला. घशाशी येऊन तो थांबला.

"सोडा," शांतम्मा म्हणाल्या. "हितं पंच न्हाई. कुणी बाद करत न्हाई."

तो सुटला. आधी अडखळत, मग लांब, मग अजून लांब. संपला असं वाटलं तरी खाली थोडा उरलेलाच, तोही गेला. छाती रिकामी झाली आणि अप्पा मेले नाहीत. क्षणभर तर त्यांना याचंच आश्चर्य वाटलं. मग पुढचा श्वास आपणहून आला, न बोलावता, चोरी न करता. दुसऱ्या बाजूनं शेषेरावही नाकानं लांब सोडत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तिघांचे श्वास हळूहळू एका चालीत आले, जसे मोटेचे बैल आपोआप एकमेकांच्या पावलाला लागतात. खांदे खाली आले. जबडा सैल झाला. हाताच्या शिरांत जे डफडं वाजत होतं, ते दूरच्या गल्लीत गेल्यासारखं झालं. शांतम्मांचा श्वास अप्पांनी पहिल्यांदाच नीट ऐकला: घेताना छोटा, सोडताना लांब, आणि दोन्हींच्या मध्ये एक थांबा, जिथं काहीच नाही. पन्नास वर्षं शेजारी बसून ही बाई हे करत होती आणि आपण सगळ्या गावाला दमाच्या गोष्टी सांगत फिरत होतो.

अंबिका कधी आली, पट्टा कधी गुंडाळला, अप्पांना कळलं नाही. ती या वेळी तोंडातून एक अक्षर काढायला तयार नव्हती. मशीन गुरगुरलं.

"एकशे चोपन्न!" तीच ओरडली. घड्याळात एकला दहा कमी.

अप्पांना हिरवे कपडे घालून आत नेलं. दारापर्यंत शेषेराव बरोबर गेले आणि मागून म्हणाले, "इरप्या, तुझं बरं झालं की मी तुला मारणार हाय. आंधळ्याला मारणं शोभत न्हाई म्हणून थांबलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मंजुश्रींनी पट्टी काढली, थेंब टाकले, बोटं समोर धरली.

"किती?"

"तीन. मधल्याला शाई लागलीय."

डॉक्टर हसल्या आणि बाजूला झाल्या. मागं एक म्हातारा उभा होता. गालफडं बसलेली, भुवया पांढऱ्या, कानात केस. हातात काठी. अप्पांनी त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. धोतराखालच्या पोटरीवर नजर गेली तेव्हा कुठं ओळखलं. तीन वर्षं हा आवाज ऐकत होतो तेव्हा त्याला चेहरा आपण माळेगावचा लावत होतो.

"शेष्या," अप्पा म्हणाले, "लई म्हातारा झालास रे."

"तू काय नवरदेव दिसून राहिलास?" शेषेराव म्हणाले, आणि काठी भिंतीला टेकवून पलंगावर बसले. मारलं नाही.

मग अप्पांनी शांतम्मांना शोधलं. त्या खिडकीजवळ डब्यातली धपाटी काढत होत्या. केस सगळे पांढरे झालेले. ते कधी झाले? एक पुढचा दात नव्हता, तोही कुणी सांगितला नव्हता. भस्माच्या पट्ट्यांखाली कपाळावर तीन आडव्या सुरकुत्या पडल्या होत्या, त्यामुळे भस्म लावलंय का नाही, हेच पटकन कळत नव्हतं.

"काय बघून राहिले?" शांतम्मांनी विचारलं. "खावा. थंड होतंय."

अप्पांच्या ओठावर एक थाप आली होती. चांगली, मोठी, जत्रेत सांगण्यासारखी. ती त्यांनी सांगितली नाही. धपाट्याचा तुकडा हातात धरून, लांब श्वास सोडत, ते बघत राहिले.